फॉर्टी-केचं विश्व बदलत राहतं, त्यात आपलं सैन्य कसं उभारायचं

वॉरहॅमर ४०,०००, म्हणजेच फॉर्टी-के, हा छोट्या फिगर जोडून, रंगवून टेबलावर लढाया खेळायचा खेळ. तो खेळायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, 'सध्या कुठलं सैन्य जोरात आहे?' ठाण्यात आमची रविवारची टोळी जमते, तिथे नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगते. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी साधारण दर तीन वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती काढते. २०१४, २०१७, २०२०, २०२३ असा तो क्रम पाहिला की अंदाज येतो. मधल्या काळातही पॉइंट्स, म्हणजे सैन्याची ताकद मोजायचे आकडे, वरखाली होतातच. नोकरी आणि घर सांभाळून २००० पॉइंट्सचं सैन्य रंगवायचं म्हटलं तर वर्ष कुठे गेलं कळत नाही. आज ज्या युनिटच्या (तुकडीच्या) नावाने सगळे हवालदिल आहेत, ते तुमच्या टेबलावर रंगून उभं राहीपर्यंत त्याचा दरारा संपलेला असू शकतो. तुम्हाला मात्र त्या फिगरकडे रोज रात्री दिव्याखाली डोळे फोडून बघायचं आहे. म्हणून सैन्य निवडताना आधी त्याची गोष्ट बघा, नियम नंतर.

गोष्टसुद्धा बदलते, हे खरं आहे. हे विश्व १९८७ सालापासून चालू आहे आणि कित्येक वर्षं त्याचं घड्याळ जवळपास थांबलेलं होतं. २००३च्या उन्हाळ्यात जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या लढायांचे निकाल कळवून केडिया या ग्रहाभोवतीचं मोठं युद्ध खेळलं, पण कथा त्याच उंबरठ्यावर अडून राहिली. २०१७ मध्ये मात्र बांध फुटला. केडिया पडला, आकाशगंगा मधोमध चिरली गेली, हजारो वर्षं निपचित असलेला रोबूट गिलिमन, म्हणजे माणसांच्या साम्राज्याचा, इंपीरियमचा, सेनापती उठून बसला. ज्यांची सैन्यं केडियाची होती त्यांचा ग्रहच गेला. तरी त्या सैन्यांचं काही बिघडलं नाही. उलट मातृभूमी गमावलेले शिपाई म्हणून ती टेबलावर जास्त शोभायला लागली.

आता कामाची पहिली गोष्ट. आपल्या आवडीच्या सैन्याच्या कथेत असा एक धागा शोधा, जो कुठल्याही आवृत्तीने तोडलेला नाही. तो सापडला की मगच पैसे खर्च करा.

मी नेक्रॉन गोळा करते, म्हणून त्यांचंच उदाहरण देते. या सैन्याची कथा जितकी बदलली तितकी फार थोड्यांची बदलली असेल. २००२च्या कोडेक्समध्ये (सैन्याच्या नियमांच्या आणि कथेच्या पुस्तकात) नेक्रॉन म्हणजे मुके, थंड यंत्रमानव. क्'तान नावाच्या तारेखाऊ देवांचे गुलाम. २०११ मध्ये सगळं पालटलं. नेक्रॉननीच उलटून त्या देवांचे तुकडे केले होते असं ठरलं, राजघराणी आली, सरदारांना हेवेदावे, छंद आणि अहंकार मिळाले. त्यांतला ट्राझिन तर युद्धातून माणसं आणि वस्तू उचलून नेऊन स्वतःचं संग्रहालय भरतो. मग २०२० मध्ये सायलेंट किंग, म्हणजे ज्याने ही सगळी जमात यंत्र करून टाकली तो राजा, स्वतः परत आला आणि त्याची भलीमोठी फिगरही आली.

एवढ्या उलथापालथीत कायम राहिलं ते असं: ही एकेकाळी हाडामांसाची, अल्पायुषी, क्रूर सूर्याखाली कुढत जगणारी परग्रहावरची जमात होती. मरणाच्या भीतीने त्यांनी धातूची शरीरं घेतली आणि त्या सौद्यात स्वतःला गमावून बसली. सहा कोटी वर्षं झोपली. जागी झाली तेव्हा सरदारांना स्वतःची ओळख होती, साध्या शिपायांना जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. मला या शिपायांबद्दल फार वाटतं. त्यांच्यात कुंभार असतील, विणकर असतील, कुणाच्या तरी आया असतील. माझं सगळं सैन्य याच एका धाग्यावर उभं आहे आणि उद्या नवा कोडेक्स आला तरी तो तुटेल असं मला वाटत नाही.

घराणं आपलं, जागा कडेची

छापील घराण्यांपैकी एखादं घ्यायला काही हरकत नाही. सौटेख, नोवोख, निहिलाख, मेफ्रिट, प्रत्येकाची रंगसंगती तयार आहे. पण स्वतःचं घराणं काढलंत तर पुढच्या कथेचा धक्का तुम्हाला कमी बसतो. अधिकृत कथा गिलिमन, सायलेंट किंग अशा बड्या मंडळींभोवती फिरते. आकाशगंगा एवढी अफाट आहे की कडेच्या एका ग्रहावर काय चाललंय ते कोणी विचारत नाही. तिथे मुक्काम ठोका.

एका पानावर चार गोष्टी लिहा: ग्रह कसा आहे, सरदार कोण आणि त्याच्या डोक्यात काय बिनसलंय, सैन्याला काय हवंय, आणि ते कोणाशी कधीच लढणार नाही. शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. तीच सगळ्यात उपयोगी पडते, कारण तिच्यातून सैन्याला स्वभाव येतो. माझं ओकारेख घराणं लाल जांभ्याच्या ग्रहावर आहे. सरदारीण जागी झाली तेव्हा तिला आपल्या प्रत्येक शिपायाचं नाव आठवत होतं, पण त्यांच्यापैकी एकालाही स्वतःचं आठवत नव्हतं. ती मूल मारत नाही. बाकी दयामाया तिच्याकडे नाही.

एका पानापेक्षा जास्त लिहू नका. बाकीची कथा लढायांतून येऊ द्या.

खरेदी आणि जोडणी

पहिल्या महिन्यात फक्त एक पेटी. नेक्रॉन वॉरियर्सच्या पेटीत दहा शिपाई आणि किड्यांचे, म्हणजे स्कॅरबचे, तीन बेस (फिगर ज्यावर उभी राहते ती चकती) मिळतात. सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. कॉम्बॅट पेट्रोल नावाची, छोटं सैन्यच असलेली मोठी पेटी हिशेबाने परवडते हे खरं, पण ज्यातून कापून काढायचे त्या फ्रेममध्ये तसेच पडून राहिलेले करड्या प्लास्टिकचे तुकडे उत्साह मारतात. आधी दहा पूर्ण करा. मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे पुस्तकाचीही घाई नको.

जोडणीला क्लिपर, धारदार कटर आणि प्लास्टिकचा ग्लू. इथे सुपरग्लू वापरू नका. प्लास्टिकचा ग्लू दोन्ही कडा वितळवून एकजीव करतो, सुपरग्लूचा सांधा खाली पडला की सुटतो. तो रेझिन आणि धातूच्या जुन्या फिगरसाठी ठेवा. साच्याची उठलेली रेघ कटरच्या धारेने कापू नका, पात्याची मागची बाजू हलक्या हाताने खरवडत न्या. नेक्रॉनच्या गुळगुळीत कवटीवर ही रेघ राहिली तर नंतर ड्रायब्रश करताना, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवताना, ती सगळ्यात आधी चमकते.

प्रायमर, आणि आपला पावसाळा

परदेशी व्हिडिओंमध्ये हे सांगत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारू नका. हवा दमट असली की रंगाचे थेंब फिगरवर पोचेपर्यंत बिघडतात आणि पृष्ठभाग खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखा होतो. मॅट वार्निशचं त्याहून वाईट: रंगवून झालेल्या फिगरवर पांढुरकी साय धरते. त्या चार महिन्यांत बाटलीतला, ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. दोन पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. काम हळू होतं, पण खात्रीचं होतं.

स्प्रे मारायचाच तर ऑक्टोबरनंतर, सकाळचं ऊन वर आल्यावर, तोंडाला मास्क लावून. डबा दोन मिनिटं हलवा, २० ते ३० सेंटीमीटरवरून छोटे छोटे झोत मारा, आणि आधी फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा. तो गुळगुळीत वाळला तरच फिगर पुढे ठेवा.

नेक्रॉनचा रंग

नेक्रॉन शिकायला सोपे आहेत, कारण धातू स्वतःच निम्मं काम करतो. लेडबेल्चर या गडद चांदीरंगाचा सपाट हात, त्यावर नल्न ऑइलचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ काळा रंग. वॉश सांध्यांत आणि फासळ्यांत ओघळू द्या, मात्र पावलांशी डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. पूर्ण वाळल्यावर उजळ चांदीरंगाचा ड्रायब्रश: ब्रश कागदावर इतका पुसा की त्यात रंग उरलाच नाही असं वाटावं, मग कडांवरून फिरवा. बंदुकीच्या नळीतल्या हिरव्या उजेडासाठी आधी पांढरा हात आणि वर टेसरॅक्ट ग्लो. पांढऱ्याशिवाय तो हिरवा मेल्यासारखा दिसतो.

वेट पॅलेट विकत घ्यायची गरज नाही. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद. आपल्या उन्हाळ्यात पंख्याखाली ॲक्रिलिक बघता बघता वाळतो. यावर तो संध्याकाळभर ओला राहतो.

माझ्या घराण्याची खूण इथे येते. प्रत्येक शिपायाच्या खांद्यावर मी एक बारीक चिन्ह काढते, तो पूर्वी कोण होता त्याचं. कुंभाराला अर्धवर्तुळ आणि खाली एक टिंब. विणकराला तीन उभ्या रेघांवर एक आडवी. चिन्ह दोन-तीन मिलिमीटरचं असतं, त्यामुळे ००चा ब्रश लागतो, आणि त्याचं टोक चांगलं हवं. ब्रश कितीही बारीक असला तरी टोक फाटलेलं असेल तर रेघ नीट येत नाही. हाडाच्या रंगात पाणी मिसळून तो दुधाइतका पातळ करा, आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा, आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून मगच फिगरला हात लावा. श्वास सोडताना रेघ ओढा. चुकली तर ओल्या ब्रशने लगेच पुसली जाते. टेबलापलीकडून हे चिन्ह कोणालाही दिसत नाही. पण समोरच्याने फिगर उचलून जवळून बघितली की तो विचारतो, आणि तिथून गप्पा सुरू होतात.

बेससाठी वाळू आणि फेविकॉल. समुद्रावरची वाळू आणलीत तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन कडक वाळवा, नाहीतर मीठ वर येतं. जांभ्याचा लाल हवा असेल तर आधी गडद तपकिरी, मग विटकरी, शेवटी फिकट केशरीचा अगदी हलका ड्रायब्रश.

टोळीत वाद घालताना

कथेवर वाद होणारच, आणि व्हायलाच हवेत. या छंदातला अर्धा आनंद त्यात आहे. आमच्यात एकच नियम आहे: दावा केला की साल सांगायचं. 'नेक्रॉनना भावना असतात का?' यावर एक जण २००२ घेऊन बसतो, दुसरा २०११, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. साल सांगितलं की आवाज आपोआप खाली येतात. दुसरं म्हणजे कोडेक्समधला बराच मजकूर त्या विश्वातल्याच कोणीतरी लिहिल्यासारखा असतो. इंपीरियमच्या अधिकाऱ्याने नेक्रॉनबद्दल लिहिलेला अहवाल म्हणजे शत्रूने दिलेली साक्ष. ती तशीच वाचा.

आणि कथा आवडली नाही म्हणून रागाच्या भरात सैन्य विकू नका. २०१५ मध्ये वॉरहॅमरचं दुसरं, तलवारी-जादूचं जुनं जग संपवून एज ऑफ सिग्मार आणलं, तेव्हा कित्येकांनी चौकोनी बेसवरची सैन्यं फुंकून टाकली. २०२४ मध्ये द ओल्ड वर्ल्ड आलं, चौकोनी बेस परत आले, आणि विक्रीतून गेलेले टूम्ब किंग्ज (सांगाड्यांचं सैन्य) पहिल्या तुकडीतच हजर. फॉर्टी-केमधले बुटके स्क्वॅट्स तर १९९०च्या दशकात गायब झाले होते, ते २०२२ मध्ये लीग्ज ऑफ व्होटान होऊन आले. डबा माळ्यावर ठेवायला पैसे पडत नाहीत. फक्त आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पहिली लढाई ५०० पॉइंट्सची ठेवा. ४४ बाय ३० इंचाची जागा पुरते, म्हणजे जेवणाचं टेबल चालतं. लढाईआधी दोघांनी आपापलं एक वाक्य सांगायचं: माझं सैन्य इथे कशासाठी आलंय. संपल्यावर सामाईक वहीत तारीख, निकाल आणि एखाद्या फिगरने काय केलं ते लिहायचं. आमच्या वहीत एक विणकर आहे, जो एका पुलावर ऑर्क्सच्या सैन्यासमोर तीनदा पडून तीनदा उठला. पुढच्या वेळी त्याच्या खांद्यावर आणखी एक रेघ वाढवली. हरलेल्याला पुढच्या लढाईचं मैदान निवडू द्या, आणि वही आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी जाऊ द्या, म्हणजे लिहायचं काम एकाच्याच गळ्यात पडत नाही.