हिवाळ्यात शांत ग्रीक बेटावर जाताय? या चुका टाळा

सँटोरिनी-मिकोनोस बेटांवरची झुंबड नको, हॉटेलचे दर परवडायला हवेत आणि समुद्राकाठी चार दिवस निवांत काढायचेत, म्हणून नोव्हेंबर ते मार्चमध्ये ग्रीसचा बेत आखणारे आता बरेच भेटतात. बेत चांगलाच आहे. फसतो तो एवढ्यासाठी, की बेट हिवाळ्यातलं असतं आणि डोक्यातलं वेळापत्रक जुलैचं. उन्हाळ्यात बेट पाहुण्यांच्या सोयीने चालतं; हिवाळ्यात ते वारा, जहाज आणि गावातली शाळा यांच्या सोयीने चालतं.

इथे उदाहरणाला मुख्यतः अमोर्गोस घेऊ. सायक्लाडीस बेटांच्या पूर्व टोकाचं, लांबट, डोंगराळ, जेमतेम दोन हजार वस्तीचं बेट. विमानतळ नाही, त्यामुळे जे काही होतं ते समुद्रावरूनच.

जहाज सुटणारच, असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठं जहाज अमोर्गोसला सात ते नऊ तासांत पोचतं. उन्हाळ्यातल्या जलद कॅटामरान हिवाळ्यात नसतात आणि मोठं जहाजही रोज असेलच असं नाही. त्यातून वारा वाढला, की बंदर अधिकारी जहाजांना निघायला मनाई करतात. या बंदीला तिकडे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. साधारण ८ बोफोर्ट (हे वाऱ्याच्या जोराचं माप), म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वारा झाला की मोठी जहाजंसुद्धा बंदरात थांबतात. लहान आणि जलद बोटी त्याच्या आधीच थांबतात. नाक्सोसहून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा ही बेटं करत अमोर्गोसला येणारी ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट बारमाही आहे खरी, पण आकाराने लहान, त्यामुळे वाऱ्यापुढे तिचं फार चालत नाही.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की मांडव्याला रस्त्यानेही जाता येतं. अमोर्गोसला दुसरा रस्ता नाही. बंदी एका दिवसात उठेल किंवा तीन दिवस चालेल.

म्हणून परतीच्या विमानाआधीची एक रात्र तरी अथेन्समध्ये काढायचीच, आणि जानेवारी-फेब्रुवारी असेल तर दोन. “पहाटेचं जहाज, रात्रीचं विमान, मध्ये आठ तास आहेत की!” हा हिशोब कागदावर फार सुंदर दिसतो. तो कागदावरच राहू द्या. अथेन्समधले दिवस सहलीच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवले, तर हा राखीव वेळ वायाही जात नाही. बेट आधी, ॲक्रोपोलिस नंतर.

बंदी लागलीच तर काय करायचं? युरोपीय संघाच्या नियमानुसार जहाज रद्द झालं किंवा ९० मिनिटांहून जास्त रखडलं, तर पुढच्या जहाजाने जायचं की तिकिटाचे पैसे परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. मात्र कारण हवामानाचं असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही, आणि हॉटेलचा खर्च द्यायलाही कंपनी बांधील नसते. तो आपल्या खिशातून. जहाजाचं तिकीट वेगळं आणि विमानाचं वेगळं, त्यामुळे विमान चुकलं तर जहाज कंपनीशी भांडून उपयोग नाही; प्रवास विमा घेताना हवामानामुळे चुकलेला जोडप्रवास त्यात बसतो का, हे वाचून घ्या. बंदराजवळच्या तिकीट एजंटाकडे आपला फोन नंबर देऊन ठेवा. बंदी उठल्याची खबर त्याच्याकडे सगळ्यात आधी येते. जहाज नेमकं कुठे आहे ते मरीनट्रॅफिक या संकेतस्थळावर दिसतं, आणि बेटावरचे लोकही तेच बघत बसलेले असतात.

मुक्कामाला असताना वाऱ्याचा अंदाज तीन दिवस आधीपासून बघायचा. परवा वारा चढणार असं दिसलं, तर उद्याचं जहाज धरा. एक रात्र कमी झाल्याचं दुःख बंदरातल्या बाकावर बसण्यापेक्षा परवडतं.

व्हिसा दिवस मोजून मागणं

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी वरच्या मुद्द्याला आणखी एक शेपूट आहे. शेंगेन व्हिसावर (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) दोन गोष्टी असतात: कोणत्या तारखांमध्ये तो चालेल, आणि त्यात किती दिवस राहता येईल. अर्ज करताना सात दिवसांची सहल सात दिवसांचीच दाखवली आणि नेमकं तेवढंच मिळालं, तर शेवटच्या दिवशी समुद्र खवळणं म्हणजे नसती आफत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर नोंदीची डिजिटल पद्धत सुरू केली आहे, त्यामुळे मुदतीबाहेरचा एक दिवसही आपोआप दिसतो. बेतच दोन-तीन दिवस मोठा आखा आणि अर्जात तोच द्या. आणि तरीही अडकलात, तर मुदत संपण्याआधी स्थानिक पोलिसांकडे जा, बंदीचा लेखी पुरावा घेऊन ठेवा. अपरिहार्य कारणासाठी मुदत वाढवण्याची तरतूद नियमात आहे; मुदत उलटून गेल्यावर विमानतळावर खुलासा करत बसणं निराळं.

बेट कोणतं, बंदर कोणतं

पाचच दिवस हातात असतील तर अमोर्गोस नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. अथेन्सजवळच्या सारोनिक आखातातलं एजिना बेट पिरेअसहून तासा-सव्वातासावर आहे, तिथला समुद्र तुलनेने आडोशाचा, आणि पिस्त्याच्या बागा बघायला मिळतात. हायड्राही त्याच बाजूला. तिथे मोटारींना बंदी आहे. सायक्लाडीसच हवं असेल तर सायरोस घ्या. तिथलं एर्मूपोली शहर ही सायक्लाडीसची राजधानी, सरकारी कचेऱ्या तिथे, त्यामुळे हिवाळ्यातही दुकानं, बेकऱ्या, कॉफीच्या जागा उघड्या. नाक्सोसही मोठं आणि शेतीवाडीचं, तिथलं आयुष्य पर्यटक गेल्यावर थांबत नाही. उलट सँटोरिनीला जानेवारीत गेलात तर अर्धं गाव रंगरंगोटी आणि बांधकामात सापडेल.

अमोर्गोसच ठरलं, तर तिकिटावरचं बंदर नीट वाचा. या बेटाला दोन बंदरं आहेत: कातापोला आणि एजिआली. मध्ये डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. खोली एका टोकाला आणि जहाज दुसऱ्या टोकाला, तेही मध्यरात्री, हा प्रकार हिवाळ्यात फार जड जातो, कारण टॅक्सी मोजक्याच आणि त्यांचे चालक झोपलेले. खोलीच्या मालकाला जहाजाचं नाव आणि वेळ आधीच कळवली, तर बहुतेक वेळा तोच घ्यायला येतो.

संकेतस्थळावर खोली दिसत नाही म्हणजे बेट बंद आहे, असंही समजू नका. बरेच मालक थंडीत ऑनलाइन बुकिंग बंद ठेवतात, पण फोन केला तर खोली उघडून देतात.

ग्रीस म्हणजे ऊन, ही समजूत

हिवाळ्यात सायक्लाडीसमध्ये दुपारी १२ ते १५ अंश असतं. आकडा बघून माणूस फसतो. हवा दमट, वारा अंगात शिरणारा, आणि पांढरी दगडी घरं उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली. खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: गरम करायची सोय काय? एसीच हीटर म्हणून चालतो का, जादा रजई आहे का? फरशीवर अनवाणी चालवत नाही, जाड मोजे न्याच. अंघोळीचं पाणी छतावरच्या सोलरवर तापतं. ढगाळ दिवशी विजेचं बटण अर्धा तास आधी लावावं लागतं, आणि ते बटण बऱ्याचदा फ्यूजबोर्डमध्ये लपलेलं असतं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पोहायचं असेल तर एप्रिलपेक्षा ऑक्टोबर बरा. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा २१-२२ अंशांवर असतो. मार्चपर्यंत तो १५-१६ वर उतरतो आणि वरचं ऊन कितीही कडक असलं तरी पाणी लवकर तापत नाही.

शाकाहारी आहोत, आता उपाशी राहणार

उलट आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आणि पुन्हा ईस्टरआधीचे सहा-सात आठवडे असतात. या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य, म्हणून भाज्या आणि कडधान्यांचे पदार्थ सहज मिळतात: पिवळ्या डाळीचा फावा, छोले, टोमॅटोत शिजवलेला मोठ्या दाण्यांचा पांढरा राजमा, तांदूळ भरलेली द्राक्षाची पानं. पावसानंतर डोंगरात उगवणाऱ्या रानभाज्या, होर्ता, उकडून तेल-लिंबू घालून देतात. आपल्या माणसाला ते जेवण लगेच रुचतं.

फक्त एक खाच आहे. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. “उपवासाचं द्या” एवढंच सांगितलंत तर ताटात तेही येऊ शकतं. मासे नको आणि कोळंबी-माकूळसुद्धा नको, हे वेगळं सांगा.

दुसरी अडचण पदार्थांची नाही, वेळेची. दहातल्या दोनच खानावळी उघड्या असतात आणि त्याही रोज नाही. सकाळीच विचारून ठेवायचं, आज रात्री कोण शिजवणार आहे. दुकानं दुपारी बंद, रविवारी बहुतेक बंद, आणि दोन-तीन दिवस जहाज आलं नाही तर भाजीचे खण रिकामे. त्यामुळे डाळ, पास्ता, फळं, थोडी रोकड आणि आपली नेहमीची औषधं खोलीवर हवीतच. बेटावर लहान आरोग्य केंद्र असतं. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा तटरक्षक दलाच्या बोटीने हलवावं लागतं. वादळाचा इशारा ११२ या आपत्कालीन सेवेकडून थेट फोनवर येतो, तो कर्कश वाजतो, घाबरू नका पण वाचा.

बस आहे ना, मग गाडी कशाला

हिवाळ्यात बस शाळेच्या वेळेनुसार धावते. सुटीच्या दिवशी नसते किंवा एखादीच असते. गाडी भाड्याने घ्यायची तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा. तिथे पोचल्यावर काही करता येत नाही.

चालायला मात्र हाच मोसम. अमोर्गोसच्या खोरा या मुख्य गावातून होझोव्हिओतिसा मठावरून एजिआलीकडे जाणारी जुनी दगडी पायवाट साधारण पाच तासांची आहे. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावसाने दगड निसरडे होतात, म्हणून सकाळी लवकर निघा. कड्याला चिकटून बांधलेला हा मठ ११ व्या शतकातला. दुपारी तो बंद असू शकतो, तेव्हा सकाळीच गाठा. पुरुषांना फुल पँट, बायकांना लांब स्कर्ट. सलवार-कमीज असली तरी वर शाल किंवा स्कर्ट गुंडाळायला सांगू शकतात, तयारी ठेवा. २१ नोव्हेंबरला मठाचा उत्सव असतो. तेव्हा शांतता शोधायला जाऊ नका, गाव बघायला जा.

ईस्टरची तारीख आपल्या कॅलेंडरवर बघणं

ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या दिवशी येतो. २०२७ मध्ये आपल्याकडच्या कॅलेंडरवर ईस्टर २८ मार्चला आहे, ग्रीसमध्ये २ मे रोजी. त्या आठवड्यात अथेन्समधला प्रत्येक जण आपापल्या गावी निघतो. जहाजं भरतात, गाडीसाठी जागा मिळत नाही, खोल्यांचे दर चढतात. मिरवणुका आणि फटाके बघायचे असतील तर दोन-तीन महिने आधी तिकीट काढा. शांत बेट हवं असेल तर ईस्टरनंतरच्या मंगळवारी जा: सगळे परत अथेन्सला निघालेले असतात आणि उलट्या दिशेच्या जहाजात बसायला हवी ती खुर्ची मिळते.