अस्तंब्याचा डोंगर पाहताना या चुका टाळा

दिवाळीत तळोद्याहून अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्यांत एक तरी जण शिखर दिसताच सांगतो, "हा जुना ज्वालामुखी बरं का." नाही भाऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातला, सातपुड्यातला हा 1325 मीटर उंचीचा डोंगर लाव्हाच्याच खडकाचा आहे, पण ते टोक म्हणजे ज्वालामुखीचं तोंड नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. पुढे पावसापाण्याने बाजूचं सगळं कोरून नेलं. झिजायचं राहिलं ते हे शिखर.

खात्री करायची तर समोरची बाजू नीट बघा. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. कडा टणक बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा, उतार भोकाभोकांच्या ठिसूळ थराचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. तो गेरू समजून पिशवीत भरू नका. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत वरचा खडक कुजून झालेली ती चिकणमाती. तिच्यातून पाणी सहजी खाली मुरत नाही, म्हणून झरा शोधायचा तर पट्ट्याच्या जरा वर शोधा.

भोकांतले पांढरे खडे पाहून "हिरा सापडला" म्हणणारेही भेटतात. चाकूने ओरखडा काढा. सहज उठला तर बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं मऊ खनिज; चाकूच घसरला तर गारगोटी.

धुळे, साक्री, नंदुरबारकडे माळावरून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या पांडवांनी बांधल्या, असं ऐकलं असेल. चिरे रचल्यासारखे दिसतात खरे, पण या भिंती म्हणजे भेगेतच थिजलेला लाव्हा, डाइक. आजूबाजूचा खडक आधी झिजला, म्हणून त्या उघड्या पडल्या.

मध्य प्रदेशातल्या पचमढीचा फोटो दाखवून "सातपुडा सगळीकडे सारखाच" म्हणू नका. तिथला खडक वाळूचा, वयाने कितीतरी जुना.

आणि मोबाइलवर शिखराची उंची कमी आली म्हणून पुस्तकाला खोटं ठरवू नका. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतं, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्याकडे या दोहोंत 50 मीटरहून जास्त फरक पडतो. काही ॲप तो स्वतःच दुरुस्त करतात, काही करत नाहीत. सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.