सागरविज्ञानात येताय? आधी लॉगशीट भरायला शिका

सागरविज्ञानाबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या डोक्यात पाणबुडी असते. पाणबुड्या आहेतच. 1977 मध्ये गालापागोसजवळ ‘अल्विन’मधून खाली गेलेल्यांना समुद्रतळाशी उष्ण झऱ्यांभोवती उजेडाविना फोफावलेली जीवसृष्टी दिसली. पण तुमची पहिली काही वर्षं पाण्याच्या बाटल्या आणि आकड्यांचे रकाने यांतच जाणार, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्या सफरीत बहुधा सीटीडीवर नेमतील. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजणारं हे यंत्र. पहिल्यावरून क्षारता काढतात, शेवटच्यावरून खोली. त्याभोवती पाण्याचे नमुने घेणाऱ्या निस्किन बाटल्यांचं कडं असतं, त्याला रोझेट म्हणतात. विंच मिनिटाला साधारण 60 मीटर केबल सोडते, म्हणजे 4000 मीटर जायलाच तासाहून जास्त लागतो. ठरलेल्या खोल्यांवर बाटल्या बंद करायच्या त्या वर येताना. रोझेट डेकवर टेकलं की धांदल सुरू. पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो: ऑक्सिजनसारखे वायू आधी, कारण हवा लागली की तो नमुना गेला; क्षारतेचा अगदी शेवटी. ऑक्सिजनच्या कुपीत बुडबुडा दिसला तर ओतून द्या आणि पुन्हा भरा. ऑक्सिजनचे सेन्सर कितीही चांगले असोत, ते तपासायला अजून 1888 मधली विंकलरची रासायनिक पद्धतच वापरतात. मला याची गंमत वाटते.

बोट लागते, जवळपास सगळ्यांना. गोळी जहाज हलायच्या आधी घ्या.

आता लॉगशीट. वेळ, अक्षांश-रेखांश, बाटली क्रमांक, कोणतं उपकरण, काय बिघडलं, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. रात्रपाळीत याचा जाम कंटाळा येतो. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजावरच्या लोकांनी 1872 ते 1876 या काळात तागाच्या दोराला थर्मामीटर बांधून खोलवरची तापमानं घेतली आणि नीट नोंदवली. 2012 मध्ये त्यांची तुलना आर्गो फ्लोटच्या, म्हणजे समुद्रात आपोआप बुडून मोजमाप घेणाऱ्या तरंगत्या यंत्रांच्या, आकड्यांशी झाली, तेव्हा वरच्या 700 मीटरचं पाणी सरासरी सुमारे 0.33 अंश सेल्सिअसने तापल्याचं दिसलं. दोरावरच्या थर्मामीटरवर दाबाचा काय परिणाम होतो हे माहीत होतं, मोजल्याची जागा आणि खोलीही लिहिलेली होती, म्हणूनच हे जमलं.

समुद्रावर जाणं जमणार नसेल तर या विषयाकडे वळूच नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मेरी थार्प यांना बाई म्हणून संशोधन जहाजावर घेत नसत. त्यांनी 1950 च्या दशकात टेबलाशी बसून, इतरांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या मधोमधच्या पर्वतरांगेतली दरी शोधली. आज तर आर्गोचे सुमारे 4000 फ्लोट जगभर तरंगताहेत. प्रत्येक जण साधारण 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारून येतो आणि आकडे उपग्रहाला देतो. ते सर्वांना फुकट मिळतात.

तेव्हा प्रवेशाची वाट पाहू नका. एका फ्लोटच्या नोंदी उतरवून घ्या, पायथॉनमध्ये तापमान आणि क्षारतेचा आलेख काढा. तो तसाच का वळला याचं उत्तर शोधताना भौतिकशास्त्र कुठे कच्चं आहे ते लगेच कळतं. पदवीला भौतिक, रसायन, जीव किंवा भूशास्त्र यांपैकी काहीही चालेल. गणित आणि संख्याशास्त्र मात्र टाळू नका. आणि मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांच्या यादीआधी हे विचारा: गटातली मागची सफर कधी झाली आणि तिच्यात विद्यार्थ्यांना किती बर्थ मिळाले?