चर्चच्या पटांगणात शाळेचा फुटबॉल वर्ग चालवायचा तर

चेंडू किती घ्यायचे हे नंतर ठरवा, आधी कॅलेंडर काढा. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, शाळेचं पटांगण एकट्या शाळेचं नसतं. त्यावर चर्चचा हक्क असतो, हॉलचा असतो आणि लग्नाच्या दिवशी केटररच्या टेम्पोचाही असतो. ठाण्यात काय नि वाशी-नेरूळला काय, वर्ग बंद पडतो तो बहुधा मुलं येत नाहीत म्हणून नव्हे, तर सलग चार शनिवार पटांगण मिळत नाही म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फादर, मुख्याध्यापिका, पीटीचे सर आणि हॉलचं बुकिंग सांभाळणारी व्यक्ती यांना एका टेबलाशी बसवा. एका मोठ्या कागदावर चर्चचा वार्षिक सण आणि त्याआधीचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), फर्स्ट कम्युनियन (मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद), ठरलेली लग्नं, घटक चाचण्या असं सगळं मांडा. ईस्टर दरवर्षी हलतो, २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. त्यामुळे ‘मागच्या वर्षी मार्चमध्ये स्पर्धा घेतली होती’ या भरवशावर तारीख ठरवू नका, ती ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात जाऊन पडते. सप्टेंबरला दुहेरी जपा. ८ तारखेला मारियामातेचा जन्मोत्सव, त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याची मोत माऊलीची जत्रा आणि बहुतेकदा त्याच सुमारास गणपती. निम्मी मुलं जत्रेला, निम्मी गावाला. त्या दोन आठवड्यांत महत्त्वाचा सराव ठेवूच नका.

सरावाची वेळ ४.१५ ते ५.३० चांगली. संध्याकाळच्या मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) पहिली घंटा झाली की शिटी खिशात. अंत्यविधी असेल त्या दिवशी वर्ग रद्द, आणि हे पालकांना पहिल्याच सभेत सांगून टाकायचं. रविवारच्या सामन्यांची अडचण वेगळी आहे. सकाळी मिस्सा आणि नंतर धर्मशिक्षण असल्यामुळे कॅथलिक मुलं ११च्या आत मोकळी होत नाहीत. आयोजकांकडे दुपारची वेळ मागा. नाहीच मिळाली तर शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, पण धर्मशिक्षणाच्या टीचरना आधी कळवा. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन या संस्काराच्या) वर्षातल्या मुलांची हजेरी तिथे काटेकोर पाहतात.

आता पटांगण. ३० बाय २० मीटरच्या जागेत एकच मोठं मैदान आखण्याचा मोह आवरा. २० बाय १० ची तीन छोटी मैदानं आडवी आखा. एकेका मैदानावर चार विरुद्ध चार म्हणजे २४ मुलं एकाच वेळी खेळतात. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीने एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजा, दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर ५ भरलं पाहिजे. फक्की मारताना कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. रांगोळीची पांढरी भुकटी पुरते.

हॉलमध्ये लग्न झालं असेल तर दुसऱ्या दिवशी मुलांना आत सोडण्याआधी दोन मोठ्या माणसांनी पटांगण पट्ट्यापट्ट्याने चालून काढायचं. मांडवाचे खिळे, तार, बांबूचे खड्डे, कोल्ड्रिंकच्या बाटलीची काच, सगळं तिथेच पडलेलं असतं. दोरीला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबक मुरुमावरून फिरवला की डोळ्याला न दिसलेले खिळेही चिकटून येतात. खड्डे मुरुमाने भरून पायाने दाबायचे. नुसती सैल माती टाकली तर पाय त्यातच मुरगळतो.

हलवता येणारे गोलपोस्ट हा सगळ्यात धोक्याचा भाग. मूल आडव्या दांड्याला लोंबकळलं की अख्खी चौकट पुढे कोसळते. मागच्या पाइपवर वाळूची पोती टाकून ती बांधून घ्या आणि वर्ग संपला की पोस्ट भिंतीला साखळीने अडकवा. ‘लोंबकळू नका’ अशी पाटी लावून हे थांबत नाही.

२४ मुलांना १२ चेंडू हवेत. बारा वर्षांखालच्यांना ४ नंबरचा, त्यावरच्यांना ५ नंबरचा. मुरुमावर हाताने शिवलेल्या चेंडूची शिवण लवकर उसवते, सरावाला मोल्डेड रबरी चेंडूच बरा. हवा भरताना पंपाची पिन ओली करून घालायची. कोरडी पिन घुसवली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि चेंडू रोज बसतो. पिना मोजून घ्या, हरवतात त्याच. याशिवाय ३० कोन आणि दोन रंगांचे १२-१२ बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायची बंडी).

सव्वा तासाचा वर्ग असा लावा. पहिली दहा मिनिटं चेंडूसह ‘डोंगर-पाणी’. ‘पाणी’ म्हटलं की चेंडू पायाने पळवायचा, ‘डोंगर’ म्हटलं की तळव्याखाली दाबून थांबायचं. मग पंधरा मिनिटं फाटकं. दोन कोनांमध्ये दीड मीटर अंतर, अशी दहा फाटकं विखरून ठेवायची. जोडीने पास देत एका मिनिटात जास्तीत जास्त फाटकं पार करायची, एकाच फाटकातून लागोपाठ दोनदा नाही. बारा जोड्या एकदम सुटल्या की आदळतात, म्हणून मान वर ठेवायला शिकवण्यासाठी याहून चांगला खेळ नाही. पाणी पिऊन झालं की छोट्या मैदानांवर सहा-सहा मिनिटांचे पाच सामने. उरलेला वेळ पाणी, मैदानांची अदलाबदल आणि कोन गोळा करण्यात जातो.

गोलसमोर एकच रांग लावून शूटिंग घेण्याची पद्धत मात्र सोडा. एका मुलाला दहा सेकंद धरले तरी २४ जणांच्या रांगेत पाळी चार मिनिटांनी येते. मधल्या वेळात धक्काबुक्की सुरू होते आणि सरांना वाटतं मुलं बेशिस्त आहेत.

मुलींचा वेळ कॅलेंडरवरच लिहा. नाहीतर मुलगे मधोमध आणि मुली थ्रोबॉल घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात, हे चित्र आपोआप तयार होतं. प्रवासाला मुली असतील तर सोबत महिला शिक्षक हवीच. कोणत्याही मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत किंवा गाडीत एकटा राहणार नाही, हा नियम फादरसकट सगळ्यांना लागू. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपसात बघू’ ही पळवाट त्यात नाही.

शालेय स्पर्धेची नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, पण खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलंय म्हणून खारघरच्या शाळेने ठाण्याला खेटे घालू नयेत. वयोगट स्पर्धेच्या परिपत्रकात दिलेल्या जन्मतारखेवरून ठरतो, इयत्तेवरून नाही. खरी गोची नावांची. जन्मदाखल्यावर ‘डिसोझा’ जोडून, आधारवर ‘डि’ सुटा, शाळेच्या जनरल रजिस्टरला मधे वडिलांचं नाव. तिन्ही कागद जूनमध्येच शेजारी ठेवून पाहा. सामन्याच्या सकाळी काहीही दुरुस्त होत नाही.

सामन्यात दागिना चालत नाही. गळ्यातला क्रॉस, रोझरी, ताईत, कडं, कानातलं, सगळं काढावं लागतं. वरून टेप लावली तरी ते नियमात बसत नाही. एखाद्या घरी ताईत काढणं जड जातं, म्हणून हे आईशी पहिल्याच आठवड्यात बोला, पंचासमोर नको. शिनगार्ड सक्तीचे.

पावसात पाणी साचलेल्या पटांगणावर खेळवू नका. पायाला जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पुढच्या दिवसांत ताप आला तर मूल साचलेल्या पाण्यात खेळलं होतं हे डॉक्टरांना सांगायला पालकांना बजावा. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, ग्लासात थोडं थोडं टाकू नका. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, त्याला उलटी झाली किंवा झोप यायला लागली तर १०८ ला फोन करा. नुसतं डोकं दुखत असलं तरी त्या दिवशी त्याला परत मैदानात उतरवू नका आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

मे महिन्याच्या सुट्टीआधी चेंडूंची थोडी हवा काढा. नेट धुऊन वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवा. स्टेजखाली ठेवलेलं नेट जूनमध्ये उंदरांनी कुरतडलेलं मिळतं.