रिबन माइकवर रेकॉर्डिंग: फुंकर, कोन आणि अंतर

रिबन माइकच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक चुणीदार पट्टी असते. जाडी साधारण २ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या निदान पंचवीसपट जाड भरतो. ही पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सैलसर ताणलेली असते आणि आवाजाने हलली की तिच्यातच वीज तयार होते. पडदाही तीच आणि तारही तीच. वजन नगण्य असल्यामुळे ती चटकन हलते आणि चटकन थांबते. तिचा स्वतःचा अनुनाद अगदी खालच्या खर्जात असतो, त्यामुळे बऱ्याच कंडेन्सर जातीच्या माइकना उंच सुरांत जी धार येते ती इथे नसते. ट्रम्पेट, व्हायोलिन, डिस्टॉर्शन लावलेली (फाटक्या आवाजाची) इलेक्ट्रिक गिटार, ‘स’ जोरात उमटणारा गळा, अशा ठिकाणी हा माइक आधी आठवतो तो यामुळेच.

पट्टी पुढून आणि मागून सारखीच उघडी असते. बाजूने येणारा आवाज तिच्या दोन्ही अंगांवर एकाच वेळी पोचतो, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि पट्टी हलत नाही. म्हणून माइक समोरचं आणि मागचं सारख्याच ताकदीने ऐकतो, पण दोन्ही कडांना बहिरा असतो. हाच फिगर-एट पॅटर्न. रिबन माइक लावताना निम्मं कौशल्य ही बहिरी कड कुणाकडे करायची हे ठरवण्यात आहे. याला अपवाद आहेत: बायरडायनॅमिकचा एम १६० दोन पट्ट्या वापरून हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) पॅटर्न देतो. पण हातात येणारे बहुतेक रिबन फिगर-एटच.

जोडण्याआधी फँटम

पॅसिव्ह, म्हणजे आत अँप्लिफायर नसलेल्या, रिबनला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही. ‘फँटम दिला की रिबन जळतो’ हे मात्र अर्धसत्य आहे. केबल धड असेल तर तिच्या तीन पिनांपैकी पिन २ आणि पिन ३ वर सारखंच व्होल्टेज येतं, दोघांत फरक नसतो, म्हणून माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह वाहत नाही. घात होतो तो केबलमध्ये एखादी पिन जमिनीला, म्हणजे पिन १ ला, टेकली असेल तर. किंवा टीआरएस पॅचबेवर (जॅक प्लगने जोडण्या बदलायच्या फलकावर) फँटम चालू असताना प्लग घातला-काढला तर, कारण प्लग आत सरकताना त्याची टोकं क्षणभर चुकीच्या जागी टेकतात. त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरला बसलेला झटका पट्टीपर्यंत पोचतो आणि ती ताणली जाते. काही जुन्या माइकांच्या ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप (वेटोळ्याच्या मध्यावरून काढलेली तार) जमिनीला जोडलेला असतो. त्यांना चांगल्या केबलवरूनही फँटम देऊ नये.

क्रम असा ठेवा. केबल मीटरने तपासा: पिन १, २, ३ आपापल्या जोडीदाराशीच जुळतात ना, एकमेकींना टेकत नाहीत ना. फँटम बंद करा आणि निदान अर्धा मिनिट थांबा, कारण प्रीअँपमधले (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरमधले) कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मग माइक जोडा. पुष्कळ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यावर) एकच बटण दोन किंवा चार चॅनेलांना फँटम देतं. शेजारच्या चॅनेलवर फँटम लागणारा कंडेन्सर असेल तर रिबन दुसऱ्या गटात लावा.

अ‍ॅक्टिव्ह रिबनमध्ये आतच अँप्लिफायर असतो आणि त्याला फँटम लागतोच. आपला माइक कुठल्या जातीचा आहे हे माहितीपुस्तिकेत पाहा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

गेनचं गणित

मधल्या संवेदनशीलतेचा पॅसिव्ह रिबन १ पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डीबी (डेसिबल) आवाजाला, सुमारे २.५ मिलिव्होल्ट देतो. ३० सेंटीमीटरवरून साधं बोलणं ७० डीबीच्या आसपास पोचतं. म्हणजे २४ डीबी कमी, हातात उरले जेमतेम ०.१६ मिलिव्होल्ट. प्रीअँपने ६० डीबी, म्हणजे हजारपट, गेन (वाढ) दिला तरी ०.१६ व्होल्टच होतात. म्हणून हळू बोलण्यासाठी किंवा नाजूक वादनासाठी ६५ ते ७० डीबी स्वच्छ गेन देणारा प्रीअँप हवा. जुन्या घडणीचे काही रिबन याहूनही खूप कमी देतात. गिटार अँप किंवा ट्रम्पेटला ही अडचण येत नाही. तिथे साधा इंटरफेसही पुरतो.

गेन कमी पडत असेल तर इन-लाइन बूस्टर लावा. तो माइकच्या जवळ असावा: आधी माइक, लगेच बूस्टर, मग लांब केबल, मग प्रीअँप. बूस्टर प्रीअँपकडून फँटम घेतो, स्वतः वापरतो आणि माइककडे जाऊ देत नाही. इथे फँटम चालूच ठेवायचा असतो. पण फँटम माइकपर्यंत पुढे सोडणारी मॉडेलंही मिळतात, ती पॅसिव्ह रिबनसाठी नव्हेत. डब्यावरचं वाचून घ्या.

दुसरी बाब इनपुट इम्पीडन्सची, म्हणजे प्रीअँप सिग्नलला किती रोध करतो त्याची. पट्टीचा स्वतःचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो. माइकमधला ट्रान्सफॉर्मर तो बहुधा २०० ते ३०० ओहमपर्यंत नेतो. प्रीअँपचा इम्पीडन्स याच्या निदान पाचपट हवा: ३०० ओहमच्या माइकला १५०० ओहम. त्याहून कमी असेल तर पातळी घसरते आणि खर्ज पातळ होतो. इम्पीडन्स बदलायचं बटण असेल तर सगळ्यात वरच्या जागेपासून सुरुवात करा.

गुणगुण ऐकू येत असेल तर लगेच केबलला दोष देऊ नका. माइकमधला ट्रान्सफॉर्मर आसपासच्या पॉवर सप्लायचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. माइक जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका कोनावर गुणगुण नाहीशी होते. नाहीच झाली तर अ‍ॅडॅप्टर आणि संगणक मीटर-दीड मीटर दूर सारा.

गाणारा, बोलणारा गळा

रिबनला मोठ्या आवाजाची फारशी भीती नाही, भीती आहे वाऱ्याची. ‘चेक, चेक’ म्हणत माइकवर फुंकर मारून पाहण्याची सवय इथे महागात पडते. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर आहेत. फ, भ, ख, थ म्हणताना तोंडातून बऱ्यापैकी झोत निघतो, आणि ‘प’ आहेच. एक खात्रीची चाचणी: माइक जिथे येणार तिथे आधी आपला तळहात धरा आणि समोरच्याला ‘पंख, फूल, भोवरा’ म्हणायला सांगा. हाताला वारा लागला तर पट्टीलाही लागणार.

सुरुवातीला माइक ओठांपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, नाकाच्या उंचीला ठेवा. पॉप फिल्टर माइकपासून ८ ते १० सेंटीमीटर पुढे. तो माइकला चिकटवला तर झोत आरपार येतो. तरीही हाताला वारा लागत असेल तर माइक उभ्या अक्षावर ३०-४५ अंश वळवा. ४५ अंशांवर पातळी फक्त ३ डीबी उतरते आणि स्वर जवळजवळ तोच राहतो. माइक पुढे किंवा मागे झुकवणं मात्र वेगळं. पट्टी उंचीला लांब असते, त्यामुळे वरून किंवा खालून आलेला उंच सुरांचा आवाज तिच्या दोन टोकांना वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि थोडा खोडला जातो. वळवलं तर पातळी बदलते, झुकवलं तर झळाळीही जाते. कर्कश गळ्याला हे दुसरं औषध म्हणूनही वापरता येतं.

जवळ गेल्यावर खर्ज फुगतो. सगळ्याच दिशादर्शी माइकांत हे होतं, फिगर-एटमध्ये सर्वांत जास्त. १५ सेंटीमीटरच्या आत निवेदकाचा आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द गढूळ होतात. मागे सरकणं हाच पहिला उपाय. तो जमत नसेल तरच ८०-१०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावा.

मागची बाजू विसरू नका. गायकाच्या समोर, म्हणजे माइकच्या पाठीमागे, उघडी भिंत असेल तर तिच्यावरून परतलेला आवाजही तितक्याच निष्ठेने रेकॉर्ड होतो. भिंतीपासून मीटर-दीड मीटर अंतर ठेवा, नाहीतर मागे जाड रजई किंवा शोषक पॅनेल उभं करा. ‘रिबन डब्यातून बोलल्यासारखा वाजतो’ अशी तक्रार असते तेव्हा पहिला संशय या भिंतीचा घ्यावा.

दोन माणसांच्या संवादाला मात्र हीच पाठ कामाला येते. एक पुढे, एक मागे, दोघं ४०-५० सेंटीमीटरवर, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत. मागच्याची पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणे) उलटी असते, पण एकाच माइकवर त्याने काही बिघडत नाही. तोच आवाज दुसऱ्या माइकमध्येही शिरत असेल तरच तपासा.

गिटार वाजवत गाणाऱ्यासाठी माइकचं तोंड गळ्याकडे आणि कड गिटारकडे हवी. कोन डोळ्यांनी ठरत नाही. नुसती गिटार वाजवायला सांगा, हेडफोन लावा आणि ती सर्वांत कमी ऐकू येईपर्यंत माइक कलवत राहा. मग गायला सांगा.

वाद्यं

गिटार अँपपासून सुरुवात करावी, कारण इथे रिबन सहसा चुकत नाही. ग्रिलपासून १५ ते २० सेंटीमीटर, स्पीकरच्या मधल्या टोपीची कड आणि भोवतालचा शंकू जिथे मिळतात तिथे रोख. टोपीच्या मध्याकडे गेलात तर धार वाढते, कडेला गेलात तर आवाज मवाळ होतो. अँप फार जोरात असेल तर माइक किंचित तिरका करा. पाठीमागे पाऊण मीटरवर एखादं जाड पॅनेल ठेवा. रॉयर आर-१२१ मध्ये पट्टी मुद्दाम पुढच्या बाजूला सरकवलेली आहे. त्यामुळे जवळून त्याची मागची बाजू जास्त उजळ वाजते. ती वापरलीत तर पोलॅरिटी उलटी करायला विसरू नका.

रिबनसोबत डायनॅमिक माइक जोडण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. एकाने अंग मिळतं, दुसऱ्याने धार. दोघांचे पडदे स्पीकरपासून सारख्याच अंतरावर आणा. नेमकं जुळवण्यासाठी एकाची पोलॅरिटी उलटी करा, पातळ्या समान करा आणि आवाज सर्वांत पोकळ होईपर्यंत एक माइक थोडाथोडा, मिलिमीटरच्या हिशेबात, सरकवा. मग पोलॅरिटी पूर्ववत करा.

ट्रम्पेटला ६० ते ९० सेंटीमीटर, घंटेच्या (पुढच्या फुललेल्या तोंडाच्या) सरळ रेषेतून जरा बाजूला. सॅक्सोफोनला ४०-६०, रोख घंटेकडे नको, चाव्यांच्या मध्याकडे. व्हायोलिनला मीटरभर वरून: गजाची खरखर इथे आपोआप मऊ होते. बासरीचा झोत फुंकण्याच्या छिद्रातून पुढे जातो, म्हणून माइक समोर नको. वरच्या अंगाने अर्ध्या मीटरवर ठेवा आणि तळहाताची चाचणी इथेही करा. बोटांनी हळू वाजवलेल्या अकूस्टिक गिटारला ३० सेंटीमीटरपेक्षा फार दूर जाऊ नका, नाहीतर प्रीअँपची सळसळ वाद्याइतकी ऐकू येईल.

ड्रमवर ओव्हरहेड (डोक्यावरचे माइक) म्हणून रिबन लावले की झांजा सोसवतात, पण माइकची पाठ छताकडे असते. छत बुटकं असेल तर माइकच्या वर शोषक टांगल्याशिवाय हा बेत करू नये. किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) छिद्रासमोर रिबन कधीच नको.

दोन रिबन

अ‍ॅलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३१ साली पेटंटसाठी मांडलेल्या स्टिरिओ कल्पनांपैकी एक आजही त्यांच्याच नावाने चालते: दोन फिगर-एट, एकावर एक, एकमेकांशी ९० अंशांत. वाद्यवृंद दोन्ही माइकांच्या समोरच्या ९० अंशांच्या आत बसवा. त्याबाहेर कडेला बसलेला वादक एका माइकच्या पुढे आणि दुसऱ्याच्या मागे पडतो आणि त्याची जागा विस्कटते. खोली चांगली वाजत नसेल तर हा प्रकार सोडून द्या, कारण खोली बरीच ऐकू येते.

मिक्समध्ये

रिबन सुरुवातीला मंद वाटतो, पण उंच सुरांत शिखरं नसल्यामुळे तो ईक्यू (खर्ज-उंच सुरांचं प्रमाण बदलण्याची सोय) सुखाने घेतो. ८ ते १० किलोहर्ट्झपासून शेल्फने (तिथून वरचं सगळं एकत्र उचलणाऱ्या ईक्यूने) ३ ते ६ डीबी उचला. सोबत सळसळही उचलली जाते, म्हणून गेनचं काम आधीच नीट झालेलं हवं.

ठेवण आणि बिघाड

माइक उभा ठेवा, पट्टी उभी राहील असा. आडवा महिनोन् महिने पडला तर ती झोळ खाते. एका जागेवरून दुसरीकडे नेताना कापडी पिशवी चढवा, कारण स्टँडसकट भरभर चालणं हाही वाराच. पेटीचं झाकण दाणकन बंद केलं तरी आतली हवा पट्टीवर आदळते.

पातळी एकाएकी उतरली, आवाज मलूल झाला किंवा जोरदार सुरांवर फरफर येऊ लागली तर पट्टी सैल पडून चुंबकाला घासत असण्याची शक्यता आहे. आवाजच येत नसेल तर आधी दुसरी केबल लावून पाहा, मग पट्टी तुटल्याचं धरा. माइकला ओहममीटर लावून तपासू नका: मीटरचा प्रवाह पट्टी हलवतो आणि ट्रान्सफॉर्मरही चुंबकित करू शकतो. जाळी उघडायचा मोहही टाळा. आतलं चुंबक जबर असतं, ते कामाच्या टेबलावरचा लोखंडाचा कीस ओढून घेतं, आणि जवळ आणलेला स्क्रूड्रायव्हर हातातून हिसकून थेट पट्टीवर नेतं.