स्तोत्र पाठ करायचं आणि जन्मभर टिकवायचं कसं

निवडीत वेळ घालवू नका. बायबलमधलं स्तोत्र 121 घ्या, आठच वचनं आहेत. भाषांतर मात्र एकच धरा, तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जे वाचलं जातं ते. मोबाइलवर एक आणि पुस्तकात दुसरं असं चाललं, तर शब्द कायमचे मिसळतात.

‘रोज एक नवं वचन’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. एका वर्षी मी तो पाळला. पुढच्या पेरणीपर्यंत त्यातली दहा वचनंसुद्धा तोंडात उरली नव्हती. आठवड्याला दोन पुरेत, तीही एकाच अध्यायातली, लागोपाठची.

मोठ्यानं वाचा, पुस्तक मिटा, म्हणा, अडलं की उघडा. वचनाचा आकडा आधीही म्हणा, नंतरही.

खरी अडचण दोन वचनांच्या जोडात असते. सुटं वचन कोणालाही येतं. एक संपून दुसरं सुरू होताना माणूस थबकतो किंवा भलतीकडे उडी मारतो. या स्तोत्रात ‘राखणे’ या अर्थाचा मूळ हिब्रू शब्द सहा वेळा येतो, त्यामुळे पाय हमखास चुकतो. शेजारची एक म्हातारी आजी खाटेला खिळली होती. तिनं हे स्तोत्र म्हणायला सांगितलं. पाचव्या वचनातल्या उजव्या हाताच्या सावलीपर्यंत मी नीट आले आणि थेट सातव्या वचनावर गेले. आजीला वाचता येत नव्हतं, पण मधलं सूर्य-चंद्राचं वचन तिनंच हळू आवाजात म्हटलं. वैशाखात वावरात राबलेल्या बाईकडून ते सुटणार नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी जोड वेगळा पाठ करते. कापूस वेचताना एका पातीला एक वचन. पात संपत आली की त्या वचनाचे शेवटचे चार शब्द, आणि धुऱ्यावर वळताना पुढच्याचे पहिले चार, असे मिळून दहा वेळा. संपूर्ण वचन म्हणायचंच नाही. दर वेळी पहिल्या वचनापासून सुरुवात करू नका, हे मी ठासून सांगते. तसं केलं की सुरुवात दगडासारखी पक्की होते आणि शेवट कच्चाच राहतो. आज पाचव्यापासून सुरू करा, उद्या तिसऱ्यापासून. एकदा आठव्याकडून उलटं पहिल्यापर्यंत या.

स्तोत्र पूर्ण झालं की पहिला आठवडा रोज, मग दोन महिने दर रविवारी, नंतर महिन्यातून एकदा, मरेपर्यंत. जुन्याची उजळणी झाल्याशिवाय नवं उघडायचं नाही. हात रिकामे नसतात तेव्हाच ही शिदोरी लागते. रानात सैतानानं परीक्षा घेतली, तेव्हा येशूनं तिन्ही उत्तरं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून दिली. ती त्याच्या तोंडीच होती.

ऐकायला घरातलं कोणीतरी बसवा. चूक आपल्या कानाला कळत नाही.

मग स्तोत्र 119 हातात घ्या. 176 वचनं पाहून घाबरू नका. आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत. महिन्याला एक भाग धरला आणि जूनमध्ये पेरणीबरोबर सुरुवात केली, तर शेवटचा भाग दुसऱ्या हंगामाच्या मार्चमध्ये येतो.