जुने कपडे, गाड्यावरचे कपडे आणि काठ-पदराचा हिशोब

आईकडे एक इरकल साडी आहे, अंग गर्द हिरवं, काठ लाल आणि पदर पण लाल, त्यात पांढऱ्या रेघा. लहानपणापासून बघत आलेय पण कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. हिरवा, लाल, पांढरा असे तीन भडक रंग एका कपड्यात आहेत तरी डोळ्याला टोचत नाही, उलट आईने ती नेसली की बायका थांबून विचारतात कुठून घेतली. मग मी घरातल्या बाकीच्या साड्या काढून बघितल्या, नारायणपेठ, साध्या सुती, सगळ्यांचा हिशोब तोच निघाला. अंगाचा रंग सगळ्यात जास्त, काठ बारीक पण ठळक, आणि पदर म्हणजे एकच जागा जिथे सगळा थाट दाखवायचा. रोजच्या जीन्स-कुर्ता-शर्टला पण हाच हिशोब लावायचा, बस. तेव्हापासून मला रंगीत कपडे घालायची भीती वाटेनाशी झाली आणि नवीन कपडे घेणं पण खूप कमी झालं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

तर अंग म्हणजे तुमच्या अंगावरचा सगळ्यात मोठा कपडा, लांब कुर्ता असेल तर कुर्ता, घेराचा स्कर्ट असेल तर स्कर्ट. काठ म्हणजे कडेकडेने दिसणारा दुसरा रंग, म्हणजे चप्पल, पिशवीचा पट्टा, उघड्या शर्टच्या आतून डोकावणारा टीशर्टचा गळा, दुमडलेली बाही, बांगड्या, केसांचा रबर. आणि पदर म्हणजे एकच डिझाइनवाली वस्तू, ओढणी, छापील शर्ट किंवा खणाचं जॅकेट. पदर दोन घेतले, म्हणजे छापील शर्ट पण आणि फुलाफुलांचा स्कर्ट पण, की गोंधळ होतो, अगदीच घालायचे असतील तर दोन्हीत एक रंग तरी सेम पाहिजे. आणि काठाचा रंग कमीत कमी दोन ठिकाणी यायला पाहिजे हे लक्षात ठेवा, कारण साडीला काठ वर पण असतो आणि खाली पण असतो. एकटीच पिवळी चप्पल चुकून घातल्यासारखी दिसते, पिवळी चप्पल आणि पिवळे कानातले घातले की ठरवून घातल्यासारखं दिसतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो.

रंग कुठले घ्यायचे तर त्यासाठी आपल्याकडे शब्दच इतके सुंदर आहेत, ते वापरा. नुसतं निळा म्हणू नका, चिंतामणी आहे का मोरपंखी ते बघा. गुलाबी म्हणजे राणी, गुलबक्षी का अबोली? लाल म्हणजे शेंदरी का डाळिंबी? हे नाव ठरवलं की रंग किती गर्द आहे ते आपोआप कळतं आणि जोडी लावताना गर्दपणाच बघायचा असतो. राणीबरोबर मोरपंखी जाते, हळदीबरोबर जांभळा जातो, डाळिंबीबरोबर गर्द हिरवा जातो, कारण दोन्ही तेवढ्याच जोराचे आहेत. अबोलीबरोबर मोतिया किंवा फिका पोपटी छान दिसतो, पण अबोलीला राणीशेजारी ठेवलं की बिचारा धुवून विटलेला वाटतो. समोरासमोरचे रंग म्हणजे लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-केशरी, हे एकमेकांना उठाव देतात, पण दोन्ही अर्धे अर्धे घेऊ नका, एक अंग आणि एक काठ असंच. शेजारशेजारचे रंग, पिवळा-केशरी-शेंदरी, हे मात्र कितीही मिसळा, चालतंच. आणि डेनिम, पांढरा, खाकी या रिकाम्या जागा आहेत असं समजा, कुठल्याही रंगाशेजारी बसतात.

आता कपाट. उजेडात, म्हणजे सकाळी खिडकीजवळ, सगळे कपडे काढा आणि रंगाप्रमाणे ढीग लावा, टॉप-बॉटम असे नाही. ट्यूबलाइटमध्ये करू नका, नेव्ही आणि काळा एकसारखा दिसतो आणि बाहेर पडल्यावर कळतं. ढीग लावले की तुमचं तुम्हालाच दिसेल, माझ्याकडे अकरा निळ्या वस्तू निघाल्या आणि पिवळं एकही नाही, म्हणजे बाहेर जाऊन काय शोधायचं ते ठरलं. यादी न करता जुन्या कपड्यांच्या गाड्यावर गेलं की बारावी निळी वस्तू घेऊन येतो.

आपलं कपाट झालं की घरातली बाकीची कपाटं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकटचं आहे. बाबांचे जुने चेक्सचे हाफशर्ट बटणं उघडी ठेवून कुर्तीवर नाहीतर टँकटॉपवर घाला, सुती आहेत, उन्हाला बरे, आणि आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पूर्ण बाह्यांचा हलका सुती शर्ट तर अंगावर पाहिजेच. भावाचे, नवऱ्याचे शॉर्ट कुर्ते पण असेच. आणि ओटीत आलेले खण! प्रत्येक घरात कुठल्यातरी ट्रंकेत आठ-दहा खण घडी घालून पडलेले असतात, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे, बारीक नक्षीचे, काठ वेगळ्या रंगाचा. त्यांचा पन्हा लहान असतो, त्यामुळे पूर्ण कुर्ता निघेल अशी आशा नको, पण साध्या पांढऱ्या शर्टला खणाची कॉलर आणि खिसा लावला, किंवा बिनबाह्यांचं छोटं जॅकेट शिवलं, की तोच तुमचा पदर. साधं पांढरं टीशर्ट, जीन्स आणि वर डाळिंबी खणाचं जॅकेट, एवढंच, अजून काही लागत नाही.

आणि परकर. हो, साडीच्या आत घालायचा सुती पॉपलीनचा परकर. सहा-आठ कळ्यांचा घेर असतो, रंग तर मॅचिंग सेंटरमध्ये जेवढे असतात तेवढे आणि कुठेच मिळत नाहीत, आणि आईकडे जुने पडूनच असतात. नाडी काढून नेफ्यात रुंद इलॅस्टिक घाला, एका बाजूची शिवण थोडी उसवून खिसा लावून घ्या, खाली हवं तर साडीच्या जुन्या काठाची पट्टी लावा, झाला स्कर्ट. फक्त उन्हात उभं राहून बघा आरपार दिसतो का, दिसत असेल तर आत अस्तर लावा. मी पहिल्यांदा हळदी परकर आणि चिंतामणी शर्ट घालून निघाले तर मावशी दारातच म्हणाली, "कुठं निघालीस गं हे घालून, परकर हाय की तो!" तिला मी फिरून घेर दाखवला, खिसा दाखवला, पुढच्या आठवड्यात तिने तिचे दोन जुने परकर आणून दिले, एक वांगी आणि एक पोपटी, म्हणाली माझ्या नातीला पण शिवून दे की असंच.

साडी कापायच्या आधी मात्र विचार करा, ज्याची साडी त्याला विचारा. धड असलेली साडी कापू नये असं मला मनापासून वाटतं, ती आहे तशीच नेसा. पूर्वी लुगडं विरलं की विरलेला भाग काढून चांगले दोन तुकडे जोडायचे, दंड घालणं म्हणायचे त्याला, म्हणजे टाकायचं नाही हे आपल्याकडे आधीपासूनच होतं. जी साडी खरंच विरलीय, कंबरेला खोचून खोचून किंवा घडीवर फाटलीय, तिचे काठ आणि पदर अजून चांगले असतात. पदराची ओढणी करा, काठाच्या पट्ट्या कुर्त्याच्या बाहीला, पिशवीला लावा.

आता बाहेरची खरेदी. आठवडी बाजारात, रस्त्याकडेला गाड्यावर ढीग लावलेले जुने कपडे असतात, आणि इन्स्टावर थ्रिफ्टची, म्हणजे वापरलेले कपडे विकणारी पेजेस असतात. ढिगात रंगाने शोधा, साइजने नाही, यादीतला रंग दिसला की बाहेर ओढा. मग उजेडाला धरा, भोकं आणि विरलेलं लगेच दिसतं. काख बघा आधी, तिथला घामाचा पिवळा डाग जुना असेल तर सहसा निघत नाही, ठेवून द्या. कॉलरचा मळ निघतो. बटण गेलंय, शिवण उसवलीय, इलॅस्टिक सैल झालंय, हे सगळं दुरुस्त होतं आणि त्यावर भाव पण कमी करता येतो. चेन अडकत असेल तर दोनदा विचार करा कारण नवीन चेन बसवायला शर्टाच्या किमतीएवढे पैसे जातात. खांद्यावर आणि घडीच्या रेषेवर रंग उडालाय का बघा. आणि कापड! सोलापूरच्या उन्हात पॉलिस्टर घालवत नाही, कितीही सुंदर रंग असो. लेबल नसेल तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतला एक दोरा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. गाड्यावर उभं असताना हाताने ओळखायला हळूहळू जमतं, मुठीत चुरगाळून सोडा, सुतीला चुण्या राहतात.

ऑनलाइन घेताना एम-एल वर अजिबात विश्वास ठेवू नका. तुमचा सगळ्यात छान बसणारा कुर्ता जमिनीवर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजा, लांबी मोजा, खांदा मोजा, हे आकडे फोनमध्ये ठेवा आणि विकणाऱ्याला तेच विचारा. सपाट २० इंच म्हणजे छाती ४० इंच. मोठा कपडा लहान करता येतो, लहान कपड्यात शिवणीत जादा कापड (मार्जिन) असेल तरच इंचभर वाढतो, म्हणून शंका असेल तर मोठाच घ्या.

आणलं की घालायची घाई नको, आधी धुवा. इथे माझं एकदा मोठं नुकसान झालंय, गाड्यावरून आणलेला राणी कुर्ता आणि हळदी शर्ट दोन्ही एकाच बादलीत भिजवले, शर्टावर गुलाबी ढग उमटले ते कायमचे, आणि तो शर्ट मला फार आवडला होता. तेव्हापासून पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर मिनिटभर दाबते, रुमालाला रंग लागला की तो कपडा वेगळा, गार पाण्यात, कमी साबणात, आणि भिजत ठेवायचा नाही. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात पण रंग जायचाच असेल तर त्याने थांबत नाही. ज्याचा रंग जात नाही आणि सुती आहे ते पहिल्यांदा गरम पाण्यात धुवा. वाळवताना उलटं करून सावलीत, आपलं ऊन इतकं कडक असतं की दोन-तीन महिन्यांत चिंतामणीचा आकाशी होतो. वास जात नसेल तर थोडा वेळ उलटं करून उन्हात टाका आणि काढा, विसरू नका.

दोन-तीन जोड्या सांगते ज्या मी खरंच घालते. ऑफिसला मोरपंखी साधा कुर्ता, पांढरी सलवार, राणी रंगाची चप्पल आणि त्याच रंगाच्या दोन बांगड्या, ओढणी नाही. रविवारी नवी पेठेच्या बाजारात जायचं असेल तर वांगी परकर-स्कर्ट, बाबांचा पिवळा बारीक चेक्सचा शर्ट खाली गाठ मारून, पिशवी जांभळ्या पट्ट्याची. आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, तेव्हा संध्याकाळी गारवा असतो, मी जुन्या सोलापुरी चादरीचं जॅकेट घालते. चादर जॅकार्डची असते आणि उलट्या बाजूला तेच डिझाइन रंग अदलाबदल होऊन दिसतं, म्हणजे बाह्या दुमडल्या की काठ फुकटात मिळतो! माझ्याकडची लाल-पांढरी, घरात पंधरा वर्षं वापरलेली, एका कोपऱ्यात फाटली होती, तेवढा भाग चुकवून कापली. आत साधा पांढरा कुर्ता आणि खाली जीन्स, कारण या जॅकेटवर अजून काही डिझाइन सोसत नाही. यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, घेऊन जाणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत (बंद बांधायच्या जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात) असतात आणि त्या पांढऱ्या गर्दीच्या कडेला हे लाल जॅकेट घालून उभं राहायला मला फार आवडतं.

चादर कापायची असेल तर आधी धुवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा, आणि कापल्या कापल्या कडा इंटरलॉक करून घ्या नाहीतर धागे सुटत जातात. घरच्या साध्या मशीनची सुई जाड घ्या, १६ नंबर किंवा वर, आणि जिथे चार थर येतात तिथे हाताने चाक फिरवा.

शिंपीकाकांकडे जाताना कपडा घालूनच जा किंवा बसणारा कुर्ता मापाला न्या, आणि काम एकेक करत न जाता तीन-चार एकदम न्या. साइड मारायची, उंची कमी करायची, बाही अर्धी करायची, खण लावायचा, हे कागदावर लिहून त्या त्या कपड्याला टाचणीने लावून द्या. कापलेले तुकडे परत मागायचे, ते मागायला लाजू नका, त्यातूनच पुढच्या कपड्याचा खिसा निघतो. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा त्यांच्याकडे ब्लाउजचा ढीग असतो. गड्ड्यासाठी काही शिवायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाकून या.